पेंढीची गाठ

सरांच्या तेराव्याला मुकुल त्यांचं हस्तलिखित घेऊन पोलादपूरजवळच्या गावी आला. विद्यापीठात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर सरांनी भातशेतीवर पुस्तक लिहिलं आणि प्रस्तावनेसाठी ते या लाडक्या विद्यार्थ्याकडे धाडलं. त्याला तीन वर्षं झाली. ओटीवरच्या माणसांसमोर मुकुल गहिवरून म्हणाला, “काकू, दोनदा वाचलं मी. प्रस्तावनाच तेवढी राहिली.” सरांच्या पत्नीने, तुळसाकाकूंनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि सुंभाच्या गाठीवरून बोट फिरवलं. “दोनदा सोडून पुन्हा हीच भाताच्या पेंढीची गाठ मारलीस?” त्यांनी हळूच विचारलं. “मीच बांधून दिलेली. ह्यांना जन्मभर जमली नाय रे.” मुकुलचे कान तापले. काकूंनी गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. “एक पान वाच. सगळी बसलीत, ऐकतील.” तो मान खाली घालून सुंभ ओढत राहिला. गाठ सुटते कुठून, हेच त्याला ठाऊक नव्हतं.