भारद्वाज दिसला

भारद्वाज शेजारच्या भिंतीवर उतरला तेव्हा कृष्णातचं बोट शटरवरच होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत उशी, उशीवर लांबलचक लेन्स आणि लेन्सच्या मागे तो, उजाडल्यापासून. शिवाजी पेठेत त्या लेन्सला सगळे तोफ म्हणायचे. एवढी तोफ लावून हा गडी टिपतो काय, तर घरामागच्या परड्यातल्या चिमण्या, अशी थट्टा तालमीच्या कट्ट्यावर कायम चालायची. आज मात्र त्याला चिमणी नको होती, बुलबुल नको होता. आज फक्त भारद्वाज हवा होता.

आतल्या खोलीत त्याची बायको संयोगिता साडी नेसून कॉटवर बसली होती. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. मागच्या खेपेला ती उंबऱ्यापर्यंत जाऊन माघारी फिरली होती. तिची मावशी असल्याच गाठीसाठी आपल्या पायांनी दवाखान्यात गेली होती, ती परत आलीच नव्हती. डॉक्टरांनी समजावून झालं, भावानं आरडाओरडा करून झाला, कृष्णातनं हातसुद्धा जोडले. शेवटी तिनं एकच अट घातली. जाताना भारद्वाज दिसला की काम होतं, असं तिची आई म्हणायची. तो दिसला तर जाईन, नाहीतर नाही. परड्यापर्यंत चालवत नव्हतं, तर त्यावर तोडगाही तिनंच काढला.

"फोटोतला बी चालतोय की. द्येव तरी आपल्याला फोटोतच दिसत्यात न्हवं?"

दारात रिक्षा उभी होती. तिचा भाऊ जोतीराम बाहेरूनच ओरडला, "दाजी, आवरा की लवकर. तुमच्या पाखरासाठी डाक्टर थांबायचा न्हाय."

भिंतीवरचा भारद्वाज पाठमोरा होता आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीनं निम्मा झाकलेला. फोटो निघाला, पण त्यात नुसतं शेपूट. मग तो पक्षी भिंतीवरून खाली उतरला, सावकाश चार पावलं चालला आणि अंजिराच्या बुंध्याशी थांबला.

त्या अंजिरात शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. दोन पानं एकमेकांना टाचून केलेलं, टाचायला संयोगितानं शिलाई मशीनवरून आणून खिडकीत ठेवलेला कापूस आणि दोरा. रोज संध्याकाळी तो तिला पिल्लांचे फोटो कॅमेऱ्यावर दाखवायचा. दुखत असलं तरी ती ते बघायची. आमच्या दोघींचं शिवणकाम, असं म्हणून हसायची.

भारद्वाज वरच्या फांदीवर चढला. शिंप्याची जोडी एवढीशी, पण जीव खाऊन ओरडत त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली. लेन्समधून सगळं हाताच्या अंतरावर दिसत होतं. गुंजेसारखा लाल डोळा, विटकरी पंख, आणि घरट्याच्या तोंडाशी आ वासलेल्या पिवळ्या चोची. कुणी आलंय म्हटल्यावर पिल्लांनी खायला मागितलं होतं.

एक टाळी पुरली असती. कृष्णातला ते कळत होतं. टाळी वाजवली तर भारद्वाज जाणार, आणि भारद्वाज गेला तर संयोगिता जाणार नाही. भारद्वाजानं मान वळवून थेट खिडकीकडे बघितलं. कृष्णातनं शटर दाबलं आणि, मघासारखं नुसतं शेपूट नको म्हणून, दाबूनच धरलं. पुढचं बघवत नव्हतं, तरी बोट काही उचललं गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हाताची किळस आली.

कॅमेरा घेऊन तो आत गेला आणि खिडकीकडे बघणारा तो एक फोटो त्यानं तिच्यासमोर धरला. स्वच्छ आला होता. संयोगितानं कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. तिचे डोळे भरून आले.

"शिंपीण का वो एवढी वराडतीया?"

"मांजर आलतं," तो म्हणाला.

तिनं रोजच्या सवयीनं पुढच्या फोटोचं बटण दाबलं. ते त्यानंच तिला शिकवलं होतं. त्यानं हात पुढे केला, पण उशीर झाला होता. पुढच्या फोटोत भारद्वाजाची चोच भरलेली होती. तिनं आणखी एकदा बटण दाबलं, आणखी एकदा. शेवटच्या फोटोत फाटलेलं पान होतं आणि त्यातून लोंबणारा पांढरा दोरा.

"तुमी बघत हुतासा?"

"व्हय."

"आन हाकललं न्हाईसा?"

कृष्णात कॉटच्या कडेवर बसला. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं.

"हाकललं आसतं, तर तू आली नसतीस."

बाहेर जोतीरामनं हॉर्न वाजवला. परड्यात शिंप्याची जोडी अजून ओरडतच होती. संयोगितानं कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि भिंतीला धरून उठली. त्यानं पुढे केलेला हात तिनं घेतला नाही.

"चला," ती म्हणाली. "आता मला बरं व्हायलाच पायजे."