लाल टोपी

अमेरिकन फुटबॉलच्या सीझनची पहिलीच मॅच, आणि मी लाल टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल खेळवणाऱ्याच्या जागेसाठी या कॉलेजात चार वर्षं घाम गाळला, आणि यंदा ती जागा मिळाली ट्रिप नावाच्या फर्स्ट इयरच्या पोराला. सरावातही चेंडू सारखा त्याच्याच हातात. मला काम काय, तर हातवारे करून पुढची चाल त्याला कळवायची. शेजारी पांढऱ्या टोपीतला ओवेनही हात हलवत असतो, पण ते नुसतं समोरच्या टीमला फसवायला.

कोचनी सांगितलं तसं मी 'फेकू नको, चेंडू घेऊन पळ' असं दाखवलं. ट्रिपने चेंडू फेकला. पुन्हा दाखवलं, पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा फेकला तेव्हा टचडाउन झाला, सहा गुण मिळाले आणि सगळं स्टेडियम नाचायला लागलं. तो बाहेर येताच मी त्याची जर्सी धरून ओढली.

"आंधळा आहेस का रे? मी इथे माशा हाकलतोय काय?"

"आजोबा, चिडू नका ना." टीममधली पोरं मला आजोबाच म्हणतात. "तुमच्याकडे बघायचंच नाही, असं कोचनी बजावलंय. खरे इशारे ओवेनचे."

मी गर्रकन मागे वळलो. कोच तिथेच उभे होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर इतका जीव तोडून हात हलवले असतेस? ओरड, अजून ओरड. समोरचे बघून सगळं टिपून घेतायत."

मी टोपी काढून जमिनीवर आपटली.

समोरच्यांच्या बाकावर कुणीतरी लगेच तेही लिहून घेतलं.