शेपूट येईपर्यंत

बाईंनी पुन्हा डोकी मोजली आणि पुन्हा एक डोकं कमीच भरलं.

"अहो, जरा जागेवर बसा की!" त्या ओरडल्या. पण सरबताच्या दुकानात विसाव्याला थांबलेली सायकल क्लबातली माणसं जागेवर बसतील तर शपथ. दातांचे डॉक्टर नळाखाली डोकं धरून उभे होते. फुलवाली गालाला गार बाटली लावून बर्फाच्या पेटीला चिकटली होती. दोघं इंजिनियर एका पंख्यासाठी भांडत होते. बाई शाळेत गणित शिकवायच्या, आणि सकाळपासून त्यांना वाटत होतं की यांच्यापेक्षा सहावीचा वर्ग परवडला. पोरं निदान ऊन लागलं तर लागलं म्हणतात. ही मंडळी "मला काही होत नाही" म्हणतात आणि पुढच्या झाडाखाली आडवी होतात.

रविवारच्या रपेटीत सगळ्यांत पुढे बाई असायच्या आणि सगळ्यांत मागे, नारिंगी जाकीट घालून, चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांना सगळे शेपूट म्हणत. वळण आलं की बाईंच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं, मागून येणाऱ्यांना हात लांब करून वाट दाखवायची, आणि शेपूट आलं की त्याच्याबरोबर निघायचं. त्याआधी नाही. म्हणजे कोणी चुकत नाही, कोणी मागे राहत नाही. नियम बाईंचाच.

आणि शेपूट तर त्यांच्या समोरच पाय पसरून सरबत पीत बसलं होतं.

"तुम्ही कधी आलात?"

"मघाशीच. पंक्चर झालं हो बाई, आणि जवळची ट्यूबही फुसकी निघाली. म्हटलं, कशाला सगळ्यांचा खोळंबा? गाद्यांचा टेम्पो चालला होता, त्यात सायकल टाकली आणि आलो."

"जाकीट कुठंय?"

"उकडत होतं. काढलं."

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. "आणि वळणावर आमचे भाऊजी होते, ते?"

"होते की! मी टेम्पोतून हात केला त्यांना. त्यांनी पण केला."

"तो हात तुम्हाला नव्हता! ते वाट दाखवत होते!"

भाऊजी म्हणजे बाईंचे थोरले दीर. दवाखान्यातून घरी येऊन त्यांना महिनासुद्धा झाला नव्हता. "उन्हात उभं नका हं ठेवू यांना," असं जाऊबाईंनी निघताना फाटकापर्यंत येऊन बजावलं होतं. पण वाटेत भाऊजींनी प्रश्न विचारविचारून बाईंचं डोकं उठवलं. हात उजवा करायचा की डावा? कोणी ऐकलंच नाही तर ओरडायचं का? शेवटी वळण आलं तेव्हा बाईंनी त्यांनाच तिथे उभं केलं. "नारिंगी जाकीट दिसेपर्यंत हलायचं नाही. बास!" असं म्हणून सुटकेचा श्वास टाकला होता.

"फोन लावा ना त्यांना," फुलवाली म्हणाली.

"त्यांचा फोन माझ्या पिशवीत आहे."

"मी येतो तुमच्याबरोबर," शेपूट उठलं.

"तुम्ही बसा! सगळे बसा. आता कोणी हललं ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

रस्ता तापून मऊ पडला होता. चाकं डांबराला चिकटत होती. बाई मनातल्या मनात शेपटाला बोलल्या, टेम्पोवाल्याला बोलल्या, पण सगळ्यांत जास्त भाऊजींना बोलल्या. शहाणा माणूस एव्हाना कंटाळून निघाला असता. निघाले असतील. आता समोरून येताना दिसतील. त्या पाय मारत राहिल्या आणि समोरून कोणीच आलं नाही.

भाऊजी वळणावर होते. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, उजवा हात लांब करून. तोंड लालबुंद झालं होतं. रिकामी बाटली पायाशी पडली होती. आणि दहा पावलांवर, भिंतीपलीकडे, झाडाची गच्च सावली होती.

"भाऊजी, अहो, ती सावली दिसली नाही का तुम्हाला?"

"तिथून मी दिसलो नसतो."

बाईंनी आपली बाटली त्यांच्या तोंडाला लावली, रुमाल भिजवून मानेवर ठेवला. भाऊजी घटाघटा पाणी प्यायले. उजवा हात तसाच.

"चला आता सावलीत."

"शेपूट यायचंय अजून."

"ते केव्हाच पोचलं! टेम्पोतून गेलं ते. जाकीट काढून बसलं होतं, म्हणून ओळखू आलं नाही."

भाऊजींनी मागच्या रस्त्याकडे पाहिलं. "म्हणजे मागे कोणीच नव्हतं बघायला," ते म्हणाले. "आणि एखादा पडला असला मागे, तर?"

"कोणी पडलेलं नाही. मी सगळ्यांना मोजलंय."

"तू पुढून आलीस. मागचं तुला काय माहीत?"

बाईंकडे उत्तर होतं, हिशेबासकट होतं. पण त्यांनी सायकलवर टांग टाकली आणि भाऊजींना ओलांडून मागच्या रस्त्याला लागल्या. भिंत संपली तिथपर्यंत गेल्या. एक पाय टेकवून, डोळ्यांवर हाताची सावली धरून त्यांनी खरंच नीट पाहिलं. रस्ता मोकळा होता. मग वळून, घंटी वाजवत, सावकाश परत आल्या.

"मी शेवटची," त्या म्हणाल्या. "माझ्यामागे कोणी नाही."

भाऊजींनी बाईंच्या खांद्यावरून एकदा मागे पाहिलं आणि मान डोलावली. पण हात काही आपण होऊन खाली येईना. मग डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून त्यांनी तो हळूहळू खाली आणला.