ओठ जुळले

पडद्यावर मालकाचे ओठ हलत होते आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"आवाज वाढव," आत्या म्हणाल्या.

"वाढवायला आधी असायला हवा ना," पोपट म्हणाला.

डबिंग कलाकारांच्या मंडळाची बैठक चालली होती. अध्यक्षपदी आत्या. पडद्यावरच्या तमाम आयांचं रडणं त्यांनीच रडलेलं. शेजारी ढोल, जन्मभर खलनायकांच्या तोंडून हसलेला. कोपऱ्यात हाताची घडी घालून स्टुडिओचा मालक. आणि समोर पोपट. त्याच्या एका गळ्यात अख्खी वस्ती राहायची: म्हातारे, मांजरं, मंत्री, आणि चहाच्या सुट्टीत खुद्द मालकसुद्धा.

हाच गळा मालकाने गुपचूप कॉम्प्युटरला शिकवला होता. कॉम्प्युटर बोलायला लागला आणि पोपट घरी बसला. चोरीबद्दल वाद नव्हता. वाद होता तो मालकाच्या तोऱ्याचा. माणूस नरमला असेल तर समज देऊन सोडायचं, मुजोरी करत असेल तर बहिष्कार, असा मंडळाचा रिवाज. बहिष्कार म्हणजे एकही कलाकार त्या स्टुडिओची पायरी चढणार नाही. मग मालकाने दाराला कुलूप लावायचं आणि किल्लीशी गप्पा मारायच्या.

"जाब विचारला तर व्हिडिओ कॉलवर काय काय बोलला हा," पोपट म्हणाला. "मी स्क्रीन रेकॉर्ड केली. सॉफ्टवेअर फुकटचं निघालं. जगभरचे हौशी लोक फावल्या वेळात लिहितात आणि वाटून टाकतात. चित्र झकास घेतं. आवाजाची सोय मात्र अजून कुणी लिहिलेलीच नाही. कुणाला जमत असेल तर लिहून द्या, अशी तिथे पाटी आहे."

ढोल गडगडाटी हसला. "आवाजावर पोट भरणारा माणूस, आणि मुकं यंत्र घेऊन आला! उद्या पोहायला कोरडा हौद बघशील."

"नशीब माझं," पोपट म्हणाला.

आत्या मालकाकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. काय बोललात?"

"ते त्याला ठाऊक आहे," मालक म्हणाला. "जे बोलायचं ते त्याच्याशी बोललो. चारचौघांत पुन्हा बोलून दाखवायला मी काही तुमच्याकडे कामाला नाही."

"बघितलंत?" पोपट म्हणाला. "आत्या, मला शब्द न् शब्द पाठ आहे. माइक द्या. त्याच्या आवाजात म्हणून दाखवतो. ओठ जुळले नाहीत तर मी खोटा. मला हाकला."

आता, दुसऱ्या कुणी हे ऐकून घेतलं नसतं. पण ही डबिंगची मंडळी. यांचा ओठांवर फार विश्वास. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. ते मिटणं जिथल्या तिथे बसलं की ओळ पास. एक मिटणं हुकलं तरी आत्या भल्याभल्यांना माइकवरून उठवायच्या.

"चालव," आत्या म्हणाल्या आणि चष्मा नाकावर चढवून पडद्याला जवळजवळ चिकटल्या.

पडद्यावर मालकाने मान खाली घातली.

"ही मान का खाली गेली?" ढोलने विचारलं.

"मोबाइल बघत होता. माझ्याशी बोलताना कुठे सगळं लक्ष देतोय तो!"

मालकाने चष्मा काढला, पुसला.

"आणि हे?"

"मस्ती. माझं तोंड बघायचं नव्हतं."

मग मालकाचे ओठ हलले, आणि पोपटाच्या गळ्यातून मालक बोलला, तोच खर्ज, तीच खरखर: "मंडळ कसलं? भंपक! बोंब ठोक. भुंकत राहा."

खोलीत पंखासुद्धा दचकला असावा.

"परत," आत्या म्हणाल्या.

परत झालं. म ला ओठ मिटले. भंपकला दोनदा मिटले. बोंबलाही दोनदा मिटले, भुंकतला एकदा. कुठे तसूभर फरक नाही.

"भंपक?" आत्या म्हणाल्या. आवाज पडद्यावरच्या आईचा नव्हता. "आम्ही भंपक?"

मालक उठून उभा राहिला. त्याने पोपटाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या ओठांवर. तो चारी बाजूंना पाहत राहिला, मानेपर्यंत लाल झाला आणि तोंड मिटून खाली बसला.

"पोपटा," तो एवढंच म्हणाला, "तू असं करशील वाटलं नव्हतं."

"मलाही तुमच्याबद्दल वाटलं नव्हतं," पोपट म्हणाला.

हात वर झाले. सगळ्यांचे. जिना उतरताना ढोलने पोपटाची पाठ थोपटली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती. कुलूप आठवड्याच्या आत लागलं. पोपट मुद्दाम त्या गल्लीतून गेला, कुलूप हातात धरून पाहिलं, आणि घरी आला.

बायको कुणाचा तरी बिघडलेला कॉम्प्युटर उघडून बसली होती. दुरुस्तीचा धंदा तिचा.

"अहो, ढोलभावजी भेटले होते. म्हणाले, वहिनी, नवऱ्याला मुकं सॉफ्टवेअर का दिलंत? मी काय बोलणार? आवाजवालं टाकून देते म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते. तुम्हीच म्हणालात, नको, मुकंच दे."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार! नुसती हसले." तिने स्क्रू तोंडात धरला आणि पुन्हा मान खाली घातली.

पोपट आतल्या खोलीत गेला. दार लावलं. रेकॉर्डिंग लावलं. मालकाने मान खाली घातली. चष्मा काढला, पुसला. ओठ हलले, आणि पोपटाने मालकाच्या आवाजात, एकही मिटणं न चुकवता, खरी ओळ म्हटली:

"माझंच चुकलं, बाबा. माफ कर. परत ये ना."