लातूरची भागी

मालकाने चहा मागवला, तोही बशीसकट कपात, तेव्हाच चंद्रप्पाच्या मनात पाल चुकचुकली. उदगीरच्या या आडतीत मुनीमकी करता करता त्याचे केस पिकले होते, पण भीमाशंकरअप्पांनी त्याला गादीवर आपल्या शेजारी बस असं कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. मोंढ्यात सकाळपासून एक गाडी आली नव्हती, हमाल रिकाम्या पोत्यांवर आडवे झाले होते. आणि अशा दिवसांत अप्पा सांगत होते, लातूर आता जिल्हा झालाय, कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, उद्या तिथला मोंढा दुप्पट होईल. तिथं आपण दुसरी आडत टाकू. तू चालव, पाटीवर नावही तुझंच घाल.

चंद्रप्पा चहा फुंकत राहिला.

तरणा होता तेव्हा त्याला रुमालाखालचा भाव शिकायचा होता. शेजारच्याला कळू नये म्हणून आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. तो ते असं शिकला की गाडी सोडायच्या आधी शेतकरी विचारायचे, चंद्रप्पा हाय का? मग त्याला स्वतःचं दुकान हवंसं वाटू लागलं. पाठीशी उभे राहा म्हणून त्याने अप्पांकडे शब्द टाकला. अप्पा म्हणायचे, पुढच्या सुगीला बघू. सुग्या येत गेल्या, जात गेल्या. पुढे बाजार समितीने रुमाल बंद करून उघडा लिलाव आणला, त्याच्या बोटांना काम उरलं नाही, आणि इच्छाही आखडत गेली. आता गुडघे साथ देतील तोवर याच सावलीत बसावं आणि बायकोची, गुरम्माची, भाकरी गरम असताना घरी पोचावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि आत्ता हे वाढलेलं ताट पुढे आलं होतं. कोणाचं उष्टं, ते कळत नव्हतं. बुडणारं दुकान माझ्या गळ्यात मारतायत? की जुन्या मुनिमाला घालवायची ही गोड रीत?

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर पसरला आणि जुन्या खुणेने त्याची बोटं दाबली. निम्मी भागी. शेजारी बघायला चिटपाखरू नसताना रुमाल कशाला? चंद्रप्पाचा संशय पक्का झाला. अशा वेळी बोटांपेक्षा तोंडावर नजर ठेवायची असते, म्हणून त्याने अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अप्पा, मी मागितलं तवा दिलं न्हाई. आताच का?"

अप्पांनी रिकाम्या मोंढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तवा दिलं असतं तर समदे शेतकरी तुझ्यामागं गेले असते. मी रोज त्येच भीत होतो."

"आन आता?"

"आता न्यायला हाय कोन?"

हे खोटं नव्हतं. चंद्रप्पाला आधी बरंच वाटलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला भिऊन होता. मग संताप आला, आणि तोही फार वेळ टिकला नाही.

"ज्याला तुमी भेत होताव," तो म्हणाला, "त्यो गडी बी आता राहिला न्हाई, अप्पा."

त्याने हात काढून घेतला. अप्पांचा हात मात्र रुमालाखाली तसाच राहिला, बोटं पुढे केलेला.