भाजलेला देवदूत

शाळेत कुणीतरी “देवदूत गोरेच असतात” म्हटल्यापासून अँजेला नाताळच्या नाटकातले पंख लावेना. म्हणून शारजातल्या फ्लॅटवर तिचे लॅन्सीआजोबा भाजून घट्ट होणाऱ्या पॉलिमर क्लेचा देवदूत घडवायला बसले. पाकिटावर रंगाचं नाव ‘स्किन’ छापलं होतं. कुणाची, ते मात्र नव्हतं. आजोबांनी त्यात तपकिरी क्ले मळली. अँजेलानं मनगट गोळ्याशेजारी धरलं. “मोअर, ग्रँपा!” मनगटाशी रंग जुळेपर्यंत ते मळत राहिले. “खलास!” म्हणत त्यांनी देवदूत ओव्हनमध्ये सरकवला. भाजल्यावर रंग गडद होतो, हे त्यांना कुठं ठाऊक? बाहेर आला तो वसईच्या उन्हात जन्म काढल्यासारखा. “बिघडला गं,” ते पुटपुटले. अँजेलानं तो त्यांच्या गालाला लावून पाहिला. “ग्रँपा, इट्स यू!” “देवदूत म्हणे!” आतून आजी ओरडली. “आधी ओव्हनचा वास घालवा म्हणावं!” अँजेलानं पंख आणले आणि बांधायला आजोबांकडे पाठ केली.