कोरा नमुना

प्रयोगशाळेतल्या मशीनमधून कागद बाहेर आला तसा दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. सपाट रेषेच्या मधोमध एक सुळका उभा होता. जिथे काहीच असायला नको, नेमका तिथे.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्यात निघालं."

दाजींनी तोच नमुना पुन्हा चालवला. मग तिसऱ्यांदा. सुळका हटायचं नाव घेईना.

कारखान्याखालच्या वस्तीत मुली आठव्या वर्षी वयात यायला लागल्या होत्या. कारखाना म्हणत होता, खाणंपिणं सुधारलं, दुसरं काय. मॅडमचा संशय एका रसायनावर होता. ते प्लास्टिक मऊ ठेवतं, अत्तराचा वास टिकवतं आणि शरीरात गेलं की हार्मोनच्या कामात लुडबूड करतं. दोनशे बारा मुलींची लघवी तपासून झाली होती. तुलनेला एक स्वच्छ माणूस लागतो. असा माणूस शोधून सापडत नाही, तो घडवावा लागतो. चार वर्षं तो स्वच्छ माणूस मॅडम स्वतःच होत्या. नमुना देण्याआधी पाच दिवस प्लास्टिकमधलं काही खायचं नाही, साबण बिनवासाचा, पावडर नाही, दुकानातली पावतीसुद्धा हातात घ्यायची नाही. "मॅडमचं सोवळं चालू आहे, लांबून बोला," असं दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत.

आणि हा कोरा नमुनाच बिघडला, तर त्याच्यासोबत तपासलेले सगळे नमुने रद्द. नियम मॅडमनीच लिहिला होता. गेल्या वर्षी याच नियमावर बोट ठेवून त्यांनी भर चौकशी समितीत कारखान्याचा अहवाल उडवला, तेव्हा वकिलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. उद्या अकराला तीच समिती आणि तोच वकील. आपलेच दात, आपलेच ओठ.

"बाटली?" मॅडमनी विचारलं.

"काचेची. मी स्वतः धुतली, भट्टीत भाजली."

"झाकण? हातमोजे?"

"सगळं तपासलं. मॅडम, रागावू नका, पण पाणी तुमच्या घरी मुरतंय."

मॅडमनी घरी फोन लावला. नऊ वर्षांच्या मुलीने उचलला. या पाच दिवसांत घरात काही नवीन आलं का, काही सांडलं का, असं त्यांनी तिला विचारलं.

"आई, तू ओरडणार नाहीस ना?"

"नाही."

"तू कामावरून येऊन सोफ्यावर आडवी होतेस आणि तुझा डोळा लागतो ना, तेव्हा मी तुझ्या टाचांना क्रीम लावते. मावशीने वाढदिवसाला दिलेलं, गुलाबाचं. किती भेगा पडल्या होत्या तुला! तू चालताना लंगडायचीस."

"मला वास कसा नाही आला?"

"मी नंतर ओल्या फडक्याने पुसते. तुला वास चालत नाही ना."

"आणि तू? तू लावतेस ते?"

"छे! संपेल ना. तुझ्यासाठी ठेवलंय."

मॅडमना हायसं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

"लावलंस कशाने?"

"हाताने. दुसरं कशाने लावणार?" मुलगी हसली.

मॅडमना तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. फोनवर दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. "जा, हात धुऊन ये," एवढंच त्या म्हणाल्या.

दाजींनी ड्रॉवरमधून एक जुना कागद काढून टेबलावर ठेवला. मागच्या महिन्यातली सपाट रेष. "हा जोडू. खोलीत तुम्ही, मी आणि हे मशीन. पुन्हा नमुने गोळा करायचे म्हणजे दोनशे बारा आयांच्या पाया पडणं आलं. त्या पोरींनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

मॅडम त्या कागदाकडे बघत राहिल्या. मोह झाला, आणि बराच वेळ राहिला. मग त्यांनी तो कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वहीत आजच्या तारखेखाली 'सर्व रद्द' लिहिलं.

"वकील शोधून काढेल, दाजी. त्याच्या जागी मी असते तर मीही काढलं असतं."

त्यांनी समितीच्या सचिवांना फोन केला.

"अरेरे," सचिव म्हणाले. आवाज मात्र सुट्टी मिळाल्यासारखा होता. "वकीलसाहेब इथेच बसलेत, त्यांनाही सांगून टाकतो. पुढची तारीख काय टाकू?"

"स्वच्छ माणूस मिळाला की कळवते."

"तसं नाही चालत, मॅडम. रकान्यात तारीखच लागते."

"मग तुम्हीच टाका," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोवळं आता पहिल्यापासून. सुरुवात पाय धुण्यापासून. बिनवासाची वडी घेऊन त्या मोरीपाशी गेल्या, स्टुलावर बसल्या आणि नळ सोडला. चप्पल काढून त्यांनी टाचेवरून अंगठा फिरवला. टाच मऊ लागली. भेगा जवळजवळ भरून आल्या होत्या. इतक्या वर्षांत ते आपल्याकडून झालं नव्हतं.

पाणी नुसतंच वाहत होतं.

"झालं का मॅडम?" दाजींनी बाहेरून विचारलं. "पाच दिवस आजपासून धरू?"

मॅडमनी नळ बंद केला आणि कोरडेच पाय चपलेत घातले.

"उद्यापासून," त्या म्हणाल्या.